खिडकीतून दिसणारी फाईल

१. एवढी मोठी फाईल मावते कुठं?

संगणकाशी धंद्याचा काही संबंध नसलेली माणसंही एक प्रश्न हमखास विचारतात : पाच जीबीची फाईल दोन जीबी मेमरीच्या यंत्रावर उघडते तरी कशी? प्रश्न रास्त आहे. डिस्कवर पडलेल्या आकड्यांची बेरीज प्रोसेसरला परस्पर करता येत नाही; ज्याच्यावर काम करायचं ते आधी मेमरीत यावं लागतं. मग जी वस्तू मेमरीत मावतच नाही, तिच्यावर काम कसं होतं? ‘तुकड्यातुकड्यानं’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. ते खोटं नाही, पण त्यानं प्रश्न सुटत नाही, नुसता पुढं सरकतो. तुकडे कोण पाडणार? कुठला तुकडा कधी आणायचा, हे कोण ठरवणार? आणि मेमरीत आणलेल्या तुकड्यात काही खाडाखोड केली, तर ती डिस्कवरच्या मूळ प्रतीत कधी उतरणार, आणि कोणाच्या हुकमानं?

जुन्या पद्धतीत या तिन्हींचं उत्तर एकच होतं : प्रोग्राम लिहिणारा. ‘अमुक भाग वाच’ असं त्यानं सांगायचं, तो मेमरीत कुठं ठेवायचा तेही सांगायचं, काम झालं की ‘लिही’ म्हणायचं. व्याजाचा हिशेब करणाऱ्या प्रोग्राममध्ये व्याजाच्या ओळी चार आणि ही ने-आण सांभाळणाऱ्या ओळी चाळीस, अशी गत व्हायची. या प्रकरणात आपण यावरचा एक वेगळा तोडगा पाहणार आहोत. तो आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांवरचा आहे आणि त्याचं नाव ‘विंडो सर्व्हिसेस’, म्हणजे खिडकी-सेवा. मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांचे प्रचंड व्यवहार अहोरात्र पेलणारी मोठी यंत्रं. आपल्याकडं हिंजवडीत किंवा अंधेरीत बसून परदेशातल्या बँकांची मेनफ्रेम सांभाळणारे पुष्कळ आहेत. त्यांना आयबीएमचं नाव रोजचं आहे, पण या सेवेशी गाठ पडलेले त्यांच्यातही थोडेच असतील.

खिडकीची कल्पना समजायला जत्रेतला बायोस्कोप आठवावा. पेटीला भिंग बसवलेलं भोक, आत चित्रांची लांबच लांब गुंडाळी. भोक जागचं हलत नाही. बायोस्कोपवाला दांडा फिरवतो आणि गुंडाळीतलं पुढचं चित्र भोकासमोर येतं. खिडकी-सेवेत हे भोक म्हणजे प्रोग्रामच्या मेमरीतला एक ठरावीक पट्टा, आणि गुंडाळी म्हणजे डिस्कवरची भलीमोठी फाईल. प्रोग्राम नेहमी त्याच पट्ट्याकडं पाहतो, पट्ट्यात काय दिसणार ते बदलत राहतं. फरक एवढाच, की या बायोस्कोपात भोकातून हात घालून चित्रावर रंगही भरता येतो. आणि सगळी गंमत त्या रंगात आहे. खिडकीमुळं मेमरी वाचते, असं तिचं गुणगान सहसा केलं जातं. ते मला अर्धवट वाटतं. मेमरी पुढं स्वस्त झाली आणि मुबलकही झाली, त्याबरोबर ते कारण बरंचसं विरलं. या रचनेचं खरं मोल दुसरीकडं आहे. फाईल आत आणण्याचं काम तिनं यंत्रावर सोपवलं, बाहेर लिहिण्याचा हुकूम मात्र माणसाच्या हाती राखला. आणणं आणि लिहिणं या दोन गोष्टी तिनं एकमेकींपासून तोडल्या. पुढची सगळी चर्चा या एका मुद्द्याभोवती फिरणार आहे.

२. घर क्रमांकांची टंचाई

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता असतो. गल्लीतल्या घर क्रमांकासारखाच. पत्ता लिहायला किती अंक वापरायचे ठरवाल, त्यावर तुम्हांला किती घरं मोजता येतील ते ठरतं. आयबीएमनं ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० या यंत्रमालिकेत पत्त्यासाठी २४ बिट ठेवले होते. बिट म्हणजे शून्य किंवा एक. असे चोवीस अंक घेतले की १,६७,७७,२१६ पत्ते होतात, म्हणजे १६ एमबी. त्या काळी ही ऐसपैस मोकळी जागा वाटत होती. वीस वर्षांत ती खुराड्यासारखी वाटू लागली.

पण टंचाई पत्त्यांची होण्याआधी घरांचीच होती. पत्ते आहेत, त्या पत्त्यांवर बसवायला खरी मेमरी नाही, कारण ती फार महाग. यावरची युक्ती इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठातल्या ॲटलस या संगणकात १९६२ साली प्रत्यक्षात आली. ॲटलसची जलद मेमरी होती १६,३८४ शब्दांची आणि तिच्या पाठीशी फिरत्या ड्रमवर तिच्या सहापट जागा होती. प्रोग्रामला मात्र हा भेद दाखवलाच जात नव्हता. त्याला दिसायची ती एकसलग मेमरी. आतल्या आत तिचे ५१२ शब्दांचे पानांसारखे सारखे तुकडे पाडले होते. प्रोग्रामनं ज्या पानाला हात घातला ते जलद मेमरीत नसलं, की यंत्र प्रोग्रामला क्षणभर थांबवणार, ड्रमवरून पान आणणार, आणि जणू काही घडलंच नाही अशा थाटात प्रोग्राम पुढं चालू करणार. या थांबण्याला आज ‘पेज फॉल्ट’ म्हणतात. नावात ‘फॉल्ट’ असला तरी त्यात चूक कोणाचीच नाही. वाढप्यानं ‘थांबा, आणतो’ म्हणावं तसं ते आहे. आयबीएमनं ही आभासी मेमरी आपल्या सिस्टीम/३७० यंत्रांसाठी ऑगस्ट १९७२ मध्ये जाहीर केली. १९७४ साली आलेल्या एमव्हीएस या ऑपरेटिंग सिस्टीमनं तर प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचे सोळा एमबी पत्ते दिले. पुढं ऐंशीच्या दशकात पत्ता ३१ बिटांचा झाला आणि सोळा एमबीचे दोन जीबी झाले.

आता यातली एक विसंगती पाहा. ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीची पानं डिस्कवर नेण्या-आणण्याचं काम दिवसरात्र, आपणहून, उत्तम करत होती. पण ती हे काम करायची फक्त स्वतःच्या राखीव डिस्कपुरतं. तुमची फाईल तिच्या लेखी परकी. फाईलसाठी प्रोग्रामला ‘वाच’ आणि ‘लिही’ म्हणत बसणं भागच होतं. परिणामी एकाच माहितीची दोनदा हमाली व्हायची. प्रोग्रामनं फाईलचा मोठा भाग मेमरीत वाचून ठेवायचा, आणि मेमरी कमी पडली की ऑपरेटिंग सिस्टीमनं तोच भाग आपल्या राखीव डिस्कवर नेऊन टाकायचा, म्हणजे एकाच माहितीच्या डिस्कवर दोन प्रती. बाजारातून आणलेलं धान्य घरात मावत नाही म्हणून शेजारच्या दुकानात भाड्यानं ठेवण्यातला हा प्रकार. मग सरळ प्रश्न उभा राहतो : तुमची फाईल हीच मेमरीच्या त्या पानांची मूळ जागा का मानू नये? पान हवं झालं की ते राखीव डिस्कवरून आणण्याऐवजी थेट तुमच्या फाईलमधून आणावं. एमव्हीएसमध्ये हे साधलं ते ‘डेटा-इन-व्हर्च्युअल’ या सोयीनं. पण ती अवजड होती आणि असेंब्लरमध्ये, म्हणजे यंत्राच्या जवळजवळ मातृभाषेत, लिहिणाऱ्यांनाच वापरता यायची. खिडकी-सेवा म्हणजे त्याच सोयीवर चढवलेला सुटसुटीत अंगरखा. कोबॉल, फोरट्रान, पीएल/वन, सी, पास्कल, एडा यांपैकी कुठल्याही भाषेतला प्रोग्राम मोजक्या हाकांत तिला बोलावू शकतो.

३. रेकॉर्ड नसलेली फाईल

मेनफ्रेमच्या जगात फाईल म्हणजे रेकॉर्डची रांग. हा संस्कार ८० रकान्यांच्या छिद्रपट्टीइतका जुना आहे : एक पट्टी, एक ग्राहक. व्हीएसॅम या आयबीएमच्या फाईल-पद्धतीतही किल्लीनुसार लावलेली, क्रमानं लावलेली, क्रमांकानुसार लावलेली अशा फायली असतात आणि त्या साऱ्या रेकॉर्डच्याच. रेकॉर्ड सांभाळायचे म्हणजे प्रत्येक ब्लॉकमध्ये खऱ्या माहितीखेरीज थोडी व्यवस्थेची माहितीही ठेवावी लागते : इथं किती रेकॉर्ड आहेत, प्रत्येकाची लांबी किती, मोकळी जागा किती. नेमकी हीच गोष्ट खिडकीला चालत नाही. खिडकीतून दिसणारी वस्तू आणि डिस्कवरची वस्तू बाइटला बाइट जुळली पाहिजे. मध्येच व्यवस्थेचे चार बाइट आले, की प्रोग्रामचा आकड्यांचा तक्ता तिथं फाटला.

म्हणून खिडकीसाठी चौथा प्रकार वापरतात, ‘लिनिअर डेटा सेट’. त्यात रेकॉर्ड नाहीत, व्यवस्थेची माहिती नाही, काही नाही. फाईलच्या पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत तुमची माहिती, ४,०९६ बाइटांच्या ब्लॉकांमध्ये कापलेली. आणि मेमरीचं पानही ४,०९६ बाइटांचंच. हा योगायोग नव्हे, सगळी किमया याच जुळणीत आहे. फाईलचा एक ब्लॉक मेमरीच्या एका पानावर तंतोतंत बसतो, म्हणूनच ऑपरेटिंग सिस्टीमची पानं आणण्याची जुनी यंत्रणा काहीही न बदलता फाईल आणू शकते. कोबॉलमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला अशी फाईल सपाट माळरानासारखी वाटते, कुठं बांध नाही की शिवार नाही. ते खरंच आहे. बांध घालायचं काम आता प्रोग्रामच्या डोक्यात. फाईलला त्याची खबर नसते.

अशा कायमच्या फाईलला खिडकी-सेवेच्या भाषेत ‘कायम वस्तू’ म्हणतात. दुसरी असते ‘तात्पुरती वस्तू’. तिच्यासाठी डिस्कवर फाईल लागत नाही. प्रोग्रामच्या पत्त्यांबाहेर एक वेगळं कोठार, ‘हायपरस्पेस’, वापरलं जातं. १९८८ च्या एमव्हीएस/ईएसए या आवृत्तीसोबत ते आलं. प्रोग्रामला हायपरस्पेसमधल्या बाइटला थेट हात लावता येत नाही, ब्लॉक आधी आपल्या मेमरीत आणावा लागतो. म्हणजे तिथंही खिडकीच. प्रोग्रामचा संबंध संपला की तात्पुरती वस्तू नाहीशी होते.

४. एक खिडकी उघडून पाहू

आता एक उदाहरण आकड्यांनिशी सोडवू. दहा हजार ओळी आणि दहा हजार रकाने असलेला आकड्यांचा तक्ता घ्या. प्रत्येक आकडा आठ बाइटांचा. एकूण ८० कोटी बाइट. ४,०९६ नं भागलं की १,९५,३१२ ब्लॉक पूर्ण भरतात आणि आणखी अर्धा लागतो, म्हणजे १,९५,३१३. तक्त्याची एक ओळ ८०,००० बाइटांची, म्हणजे साडेएकोणीस ब्लॉकांहून किंचित जास्त. ओळ ब्लॉकच्या सुरुवातीजवळ सुरू झाली तर वीस ब्लॉकांत मावेल, उशिरा सुरू झाली तर एकविसाव्यात शेपूट जाईल. म्हणून आपण एकवीस ब्लॉकांचा पट्टा मेमरीत राखून ठेवू. हीच आपली खिडकी : ८६,०१६ बाइट. ऐंशी कोटींच्या तक्त्यासाठी एवढी पुरे.

पहिली हाक ‘सीएसआरआयडीएसी’ या नावाची. तीत प्रोग्राम सांगतो, की मला अमुक फाईल हवी आहे, ती जुनी आहे, नुसती वाचायची आहे की बदलायचीही. उत्तरादाखल त्या फाईलसाठी एक ओळखचिठ्ठी मिळते. पुढच्या प्रत्येक हाकेत ती दाखवायची. दुसरी हाक ‘सीएसआरव्ह्यू’. हिच्यात सांगायचं : ही चिठ्ठी, ही माझी खिडकी, आणि फाईलच्या या ब्लॉकपासून इतके ब्लॉक मला खिडकीत दिसू देत. समजा आपल्याला ५,००१ वी ओळ हवी आहे. तिच्याआधी ५,००० ओळी, म्हणजे ४० कोटी बाइट. त्याला ४,०९६ नं भागलं की येतात ९७,६५६ पूर्ण ब्लॉक आणि उरतात १,०२४ बाइट. ब्लॉकांची मोजणी शून्यापासून असते, तेव्हा ब्लॉक ९७,६५६ पासून वीस ब्लॉक मागायचे. आपली ओळ खिडकीच्या आरंभापासून १,०२४ बाइट पुढं सुरू होईल. एवढा भागाकार झाला, की पुढं प्रोग्रामच्या दृष्टीनं तो मेमरीतला साधा तक्ता. ‘वाच’ हा शब्द पुन्हा कुठंही येत नाही.

आणि इथंच नवख्या माणसाची फसगत होते. दुसरी हाक परत आली त्या क्षणी खिडकीत काय असतं? डिस्कवरून आलेलं, काहीच नसतं. हाकेनं फक्त नोंद झाली, की ही पानं आता त्या फाईलची. प्रोग्रामनं पहिल्या आकड्याला हात घातला की पेज फॉल्ट होतो आणि मग तो ब्लॉक येतो. तुम्ही ओळीतला एकच आकडा पाहिलात तर एकच ब्लॉक आला, उरलेले एकोणीस डिस्कवर निवांत. पण ओळ सलग वाचायची असेल तर वीसदा थांबणं परवडत नाही, म्हणून हाकेत तसा इशारा देता येतो : ‘क्रमानं वाचणार आहे’ म्हटलं तर एका फॉल्टला सोळापर्यंत ब्लॉक एकदम येतात, ‘कुठूनही वाचेन’ म्हटलं तर एकेकच. ‘सीएसआरईव्हीडब्ल्यू’ नावाची तिसरी हाक आहे. तीत हात घातलेल्या ब्लॉकबरोबर आणखी किती आणायचे, तो आकडाच सांगायचा. आपल्या ओळीसाठी तो १९. एक फॉल्ट, अख्खी ओळ.

हाच तक्ता आता आडवा न वाचता उभा वाचा. पहिला रकाना हवा. त्यातही दहा हजारच आकडे, तितकेच ८०,००० बाइट. पण प्रत्येक आकडा आधीच्यापासून ८०,००० बाइट दूर, म्हणजे दर वेळी नवा ब्लॉक. दहा हजार ब्लॉक आणायचे, म्हणजे चार कोटी नऊ लाख साठ हजार बाइट, आणि त्यातले कामाचे ऐंशी हजार. ओळीला वीस ब्लॉक, रकान्याला दहा हजार, पाचशेपट. खिडकीनं ‘वाच’ हा शब्द प्रोग्राममधून पुसला, डिस्क मात्र जागेवरच आहे. माहिती कशी मांडली आहे आणि तुम्ही ती कुठल्या दिशेनं चालून जाता, याचा हिशेब खिडकीमुळं चुकत नाही. प्रोग्रामच्या ओळींत तो दिसेनासा होतो, एवढंच. आणि न दिसणारा खर्च दिसणाऱ्याहून वाईट, कारण दोन्ही प्रोग्राम कागदावर सारखेच सोपे दिसतात. म्हणून फाईल अथपासून इतिपर्यंत एकदा क्रमानं वाचून बाजूला ठेवायची असेल, तर जुनी ‘वाच’वाली पद्धतच बरी. मोठ्या फाईलचा थोडासाच भाग लागणार आहे, कुठला लागेल ते आधी सांगता येत नाही, आणि लागलेला भाग पुन्हापुन्हा लागणार आहे, अशा ठिकाणी खिडकी शोभते.

५. कच्ची कीर्द, पक्की खतावणी

आता रंग भरण्याकडं येऊ. आपण ५,००१ व्या ओळीतला एक आकडा बदलला. बदल कुठं झाला? मेमरीतल्या पानावर. फाईल जशीच्या तशी आहे. तेवढ्यात मेमरी कमी पडून ऑपरेटिंग सिस्टीमला ते पान हलवावं लागलं तर? बदललेलं पान ती आपल्या राखीव डिस्कवर ठेवते; तुमच्या फाईलमध्ये घुसवत नाही. प्रोग्रामनं ‘सीएसआरसेव्ह’ अशी हाक मारून अमुक ब्लॉकपासून इतके जतन कर म्हटलं, तरच फाईल बदलते, आणि तेव्हाही दिलेल्या टप्प्यातली बदललेली पानं तेवढीच लिहिली जातात. आपल्या उदाहरणात १,९५,३१३ ब्लॉकांपैकी एक. हाक मारली नाही, खिडकी तशीच बंद केली, तर बदल हवेत विरतो. आणि मध्येच वाटलं की आपण घोळ घातला, तर ‘सीएसआररेफ्र’ या हाकेनं खिडकीतली खाडाखोड पुसून तिथं फाईलमधला मूळ मजकूर परत आणता येतो.

एवढ्यावर भागतं, तोवर खिडकी एकाच जागी आहे. पण ५,००१ वी ओळ बदलून, ती जतन न करता, ७,००० व्या ओळीकडं जायचं असेल तर? खिडकी हलवली की आधीचा बदल गेला. जतन केला तर तो पक्का झाला, आणि कदाचित ७,००० वी ओळ पाहिल्यावर कळेल की आधीचा बदल चुकलाच होता. जुन्या पेढ्यांवर हा पेच चोपड्यांनीच सोडवलेला होता. व्यवहार आधी कीर्दीत टिपायचा, खतावणीत चढवायचा तो ताळा जमल्यावर. खिडकी-सेवेत अशी कच्ची वही मागून घेता येते; तिला ‘स्क्रोल एरिया’ म्हणतात आणि ती हायपरस्पेसमध्ये असते. खिडकी आणि फाईल यांच्यामधला हा थांबा. ‘सीएसआरस्कॉट’ या हाकेनं खिडकीतला बदल कच्च्या वहीत जातो, खिडकी दुसरीकडं नेता येते, परत आलं की आपला बदल तिथं शाबूत सापडतो. फाईलला अजून काहीच ठाऊक नाही. सारं मनासारखं जमलं की शेवटी ‘सेव्ह’.

तीन जागा झाल्या : खिडकी, कच्ची वही, फाईल. आणि एका जागेतला बदल पुढच्या जागेत आपोआप सरकत नाही. दर टप्प्याला माणसाला हाक मारावी लागते. सुरुवातीला आणणं आणि लिहिणं तोडण्याबद्दल म्हटलं होतं, त्याचा अर्थ हाच. आणणं आपोआप होऊ द्यावं, कारण ब्लॉक चुकून जास्तीचा आला तर फार तर वेळ फुकट जातो. लिहिणं आपोआप होऊ देऊ नये, कारण चुकून लिहिलं तर मूळ माहिती जाते. दोन चुकांचं वजन सारखं नाही, मग दोन्हींना एकच नियम लावायचा कशाला?

६. ‘पण आता याची गरज काय?’

पहिला आक्षेप सरळ आहे. २००० सालच्या यंत्रांपासून आयबीएमच्या मेनफ्रेमला ६४ बिटांचे पत्ते मिळाले. पत्त्यांची टंचाई संपली. ऐंशी कोटी बाइटांचा तक्ता आज खिशातल्या फोनमध्येही मावेल. तो पुरा मेमरीत घ्या आणि मोकळे व्हा, खिडकीतून डोकावायचं कशाला? खिडकीचा हेतू जागा वाचवणं एवढाच असता तर हा आक्षेप बिनतोड होता. आपल्याकडं डॉसच्या दिवसांत लोटस स्प्रेडशीट वापरणाऱ्यांना ‘एक्स्पांडेड मेमरी’ आठवत असेल. १९८५ साली लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ठरवलेली ती पद्धत : ६४ केबीचा एक झरोका, त्यात १६ केबीचे चार कप्पे, आणि त्यातून आलटून पालटून दिसणारी जादा मेमरी. ती खिडकी निव्वळ टंचाईची होती, आणि टंचाई गेल्यावर ती गेली, कोणी हळहळलं नाही. फाईलवरच्या खिडकीचं तसं नाही. तक्ता पुरा मेमरीत घेतला तरी तो डिस्कवरून कधी येणार, आणि बदल डिस्कवर कधी जाणार, हे प्रश्न जसेच्या तसे राहतात. वीज गेली की मेमरी कितीही मोठी असली तरी रिकामीच.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे आणि तो खुद्द जाणकारांचा आहे. फाईल मेमरीत ‘पसरण्याची’ हीच कल्पना युनिक्सच्या जगात ‘एममॅप’ नावानं ओळखली जाते, सनओएस ४.० मध्ये ती १९८८ सालीच आली. आज लिनक्सपासून अँड्रॉइडपर्यंत ती सर्वत्र आहे, आणि डेटाबेस बनवणाऱ्यांना तिचा मोह पुन्हापुन्हा पडतो : पानं आणण्याची कटकट ऑपरेटिंग सिस्टीमवर टाकावी. मोंगोडीबी या डेटाबेसचं जुनं इंजिन याच पायावर उभं होतं. पुढं त्यांनी वेगळं इंजिन घेतलं आणि जुनं काढूनच टाकलं. अँड्र्यू क्रॉटी, व्हिक्टर लाइस आणि अँड्र्यू पाव्लो यांनी २०२२ साली एका निबंधात डेटाबेस बनवणाऱ्यांना बजावलं, की या वाटेला जाऊ नका. त्यांची मुख्य कारणं अशी : बदललेलं पान ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच्या सोयीनं केव्हाही फाईलमध्ये लिहून टाकू शकते, व्यवहार पुरा झाला असो वा नसो, प्रोग्राम कुठल्या ओळीवर डिस्कची वाट पाहत थांबेल ते सांगता येत नाही, आणि डिस्कनं दगा दिला तर ती चूक ‘वाच’ या आज्ञेच्या उत्तरात येण्याऐवजी एखाद्या साध्या बेरजेच्या ओळीवर येऊन आदळते. वेगाचीही तक्रार आहे, ती यंत्रागणिक कमीजास्त होते म्हणून बाजूला ठेवू.

यातली दुसरी आणि तिसरी तक्रार मेनफ्रेमच्या खिडकीलाही पुरेपूर लागू पडते, हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. त्यांतली दुसरी रकाना उभा वाचताना आपण पाहिलीच. पण पहिली, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर, तक्रार तिला लागू पडत नाही. बँकेच्या एका खात्यातून पैसे वजा झालेलं पान फाईलमध्ये गेलं आणि दुसऱ्या खात्यात जमा झालेलं पान अजून मेमरीत आहे, अशा क्षणी यंत्र बंद पडलं, तर पैसे गेले कुठं? एममॅपमध्ये फाईल सामाईक बदलासाठी पसरली असेल तर हे तुमच्या नकळत होऊ शकतं. मेनफ्रेमच्या खिडकीत ‘सेव्ह’ म्हणेपर्यंत फाईल हलत नाही. एकाच वर्षाच्या आसपास, एकाच कल्पनेतून आलेल्या दोन रचनांत ही एक रेघ वेगळी पडली, आणि चौतीस वर्षांनी झालेली टीका नेमकी त्या रेघेवर पडली. मेनफ्रेमच्या रचनाकारांनी ते भविष्य ओळखलं होतं असं म्हणण्याला आधार नाही. पण एकदा लिहिलं की पुसता येत नाही अशा हिशेबांच्या जगात ते वावरत होते, आणि रचनेवर त्या जगाचा ठसा दिसतो.

तिसरा आक्षेप यातूनच निघतो : मग बँकेचे व्यवहार खिडकीतूनच का करत नाहीत? कारण ‘सेव्ह’ हा हुकूम माणसाच्या हाती असला तरी तो अखंड नाही. शंभर ब्लॉक जतन करताना पन्नासाव्यावर वीज गेली, तर ‘सारे किंवा एकही नाही’ अशी हमी खिडकी-सेवा देत नाही. शिवाय दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामनं तीच फाईल बदलली, तर तुमच्या खिडकीत आधीच आलेला ब्लॉक जुनाच दिसत राहतो. ताजा हवा असेल तर मागावा लागतो. मेनफ्रेमवरचा आयबीएमचाच डेटाबेस, डीबी-टू, पाहिला तर हे लख्ख कळतं. तो आपली कोष्टकं त्याच लिनिअर डेटा सेटमध्ये ठेवतो, म्हणजे फाईल खिडकीला साजेशीच आहे. पण ब्लॉक आणण्या-नेण्याचं काम तो स्वतःच्या मेमरीतल्या राखीव जागांमधून स्वतःच करतो, आणि प्रत्येक बदलाची रोजनिशी वेगळी लिहितो. अनेकांचे व्यवहार एकाच वेळी सांभाळायचे असले, की आणणंही यंत्रावर सोडून चालत नाही. खिडकी आहे ती एका प्रोग्रामच्या मोठ्या तक्त्यासाठी : विम्याच्या हप्त्यांची कोष्टकं, अभियांत्रिकी गणितातले अवाढव्य चौकोन, पुन्हापुन्हा चाळायच्या सूची. तिथं ती आजही शोभते. झेड/ओएस या सध्याच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ती सेवा अजून आहे, आणि कोबॉलमधून आजही त्याच नावांनी हाक मारून बोलावता येते.